गर्दीतला ठिपका

दवाखान्यात आजोबांच्या शेजारी सासू-सून येऊन बसल्या. सुनेचे दिवस भरत आले होते. आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं, पण कान शेजारीच होते.

"मोबाइलमध्ये काय शोधतेस गं?"

"यांचं जहाज, आई. समुद्रातल्या जहाजांचे ठिपके दिसतात यात."

"दिसलं का?"

"नौदलाचं ना ते! ठावठिकाणा कळू नये म्हणून खुणेचं यंत्र बंद ठेवतात."

"लहानपणीही असाच लपून बसायचा मेला!"

"जहाजांची गर्दी झाली, की टक्कर नको म्हणून चालू करतात... आई, दिसलं! नावासकट!"

"कुठंय?"

"आपल्याच बंदराच्या तोंडाशी!"

"आणि मला म्हणाला, बाळंतपणाला येणं जमणार नाही!"

"मलाही तेच म्हणाले."

"कळवू नकोस काही. दारात आला, की दोघींनी दचकायचं."

"मला हसू फुटेल, आई."

"मग तू हस. मी दचकते."