खिंडकराचा हात

तुमच्यापैकी कुणी कधी भुताचा हात आपल्या हातात धरलाय का गं?

नाही ना? हसू नका. आणि शेंगा फोडायचं थांबवू नका, उद्या हे बियाणं रानात जायचंय. हात चालू द्या आणि कान इकडं द्या. मी सांगते त्या बाईनं धरला होता. नुसता धरला नाही, चांगला दाबून, बोटं जुळवून, माप काढून बघितला होता. ती बाई मी डोळ्यांनी बघितलेली आहे. माझ्या हातात पहिली बांगडी तिनंच भरली. धामणवाडीची हौसा कासारीण.

तर ऐका.

आपलं गाव डोंगराच्या अलीकडं आणि धामणवाडी पलीकडं. सडकेनं चालत निघालं तर डोंगराला वळसा घालण्यात अख्खी रात्र जाते. खिंडीतनं गेलं तर दोन तासांत माणूस पोचतं. पण दिवस मावळला की खिंडीत कुणी पाऊल टाकत नसे. कारण तिथं खिंडकर होता.

खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नुसतं भूत म्हटलं तर त्याला राग यायचा, म्हणून जुनी माणसं मानानं खिंडकर म्हणायची. काल रात्री खिंडकर भेटले, असं. जसा काही तो सोसायटीचा चेअरमनच!

आणि त्याची ताकद काय सांगू! कुणाचाही आवाज काढायचा. तुमच्या आईचा काढेल, तुमच्या म्हशीचा काढेल. कुणाचंही रूप घ्यायचा. ताडाएवढा वाढायचा. पाटीवरची अक्षरं पुसावी तशी पायाखालची वाट पुसून टाकायचा, मग माणूस उजाडेपर्यंत गोल गोल फिरत राही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आलेला कळायचा नाही. आवाजच नाही पावलांचा! एक पैलवान कुऱ्हाड घेऊन गेला होता. घातला घाव. धुरातनं जावी तशी कुऱ्हाड आरपार गेली, आणि पैलवान धोतर सोडून पळाला तो झाडावर जाऊन आपटला. एक मांत्रिक गेला. त्यानं मंत्र म्हटला, तर खिंडकरानं तोच मंत्र त्याच्याच आवाजात उलटा म्हणून दाखवला. मांत्रिक पळत सुटला तो ओढ्यात पडला, आणि पुढं गिरणीत कामाला लागला.

काय म्हणतेस शारदा? मारायचा का तो माणसांना? थांब, थांब. गोष्टीची मेख तिथंच आहे.

तर त्या वर्षी आपल्या गावात बकुळाचं लग्न होतं. कोंडाबाईची बकुळा. गुणाची पोर, पण तिचं एक लग्न ठरून मोडलेलं. त्यामुळं कोंडाबाईचा जीव नुसता मुठीत. नवऱ्याकडची माणसं आदल्या दिवशीच येऊन उतरली होती. दुपारी नवऱ्याची आत्या म्हणाली, "मुलीचा चुडा दाखवा बरं."

चुडा कुठाय?

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. हळदीच्या आधी नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा आणि कासाराला सांगून यायचं ते मामानं. बकुळाला मामा दोन. मान थोरल्याचा, म्हणून धाकटा गप्प राहिला. कामं धाकट्याची, म्हणून थोरला गप्प राहिला. कासाराला कुणीच सांगितलं नाही! आणि आपल्या गावात कासार नाही.

आत्या उठून उभी राहिली. म्हणाली, "उद्या सूर्य उगवताना हळदीची वेळ आहे. वेळ टळली तर आम्ही माणसं गोळा करून परत जाऊ. आधीच एकदा मोडलेलं आहे, दुसऱ्यांदा अपशकुन आम्हाला नको."

कोंडाबाई मटकन खाली बसली. धाकट्या ज्ञानूमामानं सायकल काढली आणि सडकेनं पाय मारत मारत दिवेलागणीला तो धामणवाडीत पोचला. हौसाबाई भाकरी थापत होती.

"ताई, माझी अब्रू वाचव," ज्ञानूमामा म्हणाला आणि सगळं सांगितलं.

"भरते की चुडा. पण यायचं कसं? तुमच्या सायकलवर टोपली बांधली तर त्या खडीवर काचेचा चुरा होईल. सडकेनं चालत आले तर पोचेपर्यंत ऊन वर येईल."

मग हौसाबाईनं तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले आणि म्हणाली, "खिंडीतनं जाते."

"ताई!"

"चला की तुम्ही सोबतीला."

ज्ञानूमामा खिंडीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे ना, तिथपर्यंत आला. तिथं त्याचे पाय जमिनीला चिकटले. म्हणाला, "ताई, मी असं करतो. मी इथनंच तुला हाका मारत राहतो. म्हणजे तुला धीर येईल."

"मारा हाका," हौसाबाई म्हणाली. डोक्यावर टोपली, हातात कंदील, आणि निघाली.

चंद्र उगवायचा होता. दोन्ही बाजूंना करवंदीची जाळी. पायाखाली वाळलेला पालापाचोळा, पाऊल टाकलं की करकर वाजायचा. डोक्यावर बांगड्या किणकिणत होत्या. मागनं ज्ञानूमामाची हाक येत होती, "ओ ताईऽऽ!"

चालली. चालली. आणि एकदम पुढनं हाक आली.

"ओ ताईऽऽ! दमली असशील. टोपली खाली ठेव."

थबकली! आवाज अगदी ज्ञानूमामाचा. कंदील वर केला, तर समोर ज्ञानूमामाच उभा. तीच टोपी, तेच सायकलच्या तेलाचे डाग.

बाई दचकली खरी. पण तोंड गप्प बसणारं नव्हतं. "ज्ञानूभाऊ, देवळापासून पुढं यायला तुमचे पाय लटपटत होते. आता माझ्यापुढं कसे पोचलात?"

ज्ञानूमामा हसला आणि विझल्या दिव्यासारखा नाहीसा झाला. पाला वाजला नाही हं. बाईनं ते मनात टिपून ठेवलं. माणूस आला आणि गेला, पण एक वाळकं पान वाजलं नाही.

ती झपाझप चालायला लागली. तर काय, वळणावर उजेडच उजेड! मांडव, तोरणं, सनई. शंभर एक बायका ताटं घेऊन लगबग करताहेत. आणि कोंडाबाई हात जोडून पुढं येतेय, "आलीस बाई! ये, इकडनं ये. बकुळा वाट बघतेय." बाईला वाटलं, एवढ्यात गाव आलं की काय? पोचलो वाटतं! वळली त्या बाजूला. एक पाऊल टाकलं. दुसरं उचललं.

आणि तशीच थांबली.

का थांबली सांगा? कासारणीचा कान तो! लग्नघर आहे, शंभर बायका आहेत, ताटं उचलतायत, आणि एकाही हातातली बांगडी वाजत नाही? असलं लग्नघर जन्मात कधी ऐकलं नव्हतं तिनं.

खाली वाकून तिनं खडा उचलला आणि पुढं टाकला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग लांब खाली, ओढ्यात, डुबुक!

आई गं! आणखी एक पाऊल, आणि बाई कड्याखाली असती.

मांडव विझला. सनई थांबली. आणि अंधारातनं तो उठला. खरा खिंडकर! झाडाएवढा, झाडाच्याही वर, तांदळाच्या सुपाएवढे डोळे, आणि असा ओरडला की डोंगर घुमला. "टाऽऽक! टोपली टाऽऽक!"

हौसाबाई मागं सरकली. टोपली डोक्यावरनं घसरली, तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली. आत बांगड्या थरथर किणकिणल्या. तिला वाटलं, फेकावी आणि पळावं. फेकणारच होती, देवाशप्पत सांगायची ती. पण तेवढ्यात तिच्या मनात आलं, हा टाक टाक म्हणतोय, मग हिसकावून का घेत नाही?

एवढा मोठा हात आहे. नुसतं बोट लावलं तरी पुरे. मग?

आणि तिला सगळं आठवलं. पैलवान पडला तो स्वतः पळताना झाडावर आपटून. मांत्रिक ओढ्यात गेला तो स्वतःच्या पायांनी. आजवर खिंडकरानं कुणाला साधी चापट मारल्याचं ऐकलेलं नाही. पान वाजत नाही. बांगडी वाजत नाही. अगं बाई, म्हणजे याला कशाला हातच लावता येत नाही! जे काय होतं ते घाबरलेला माणूस स्वतःच्या हातानं करतो!

कळलं का शारदा? म्हणून म्हटलं थांब.

हौसाबाई म्हणाली, "तूच घे की टोपली. मी धरलीय सैल."

तो आणखी मोठ्यानं ओरडला.

"बरं, टोपली राहू दे. ते वाळकं पान तेवढं हलवून दाखव."

एवढं मोठं धूड, पण मान खाली घातली त्यानं. मग बारीक आवाजात म्हणाला, "पान नाही हलवता येत. पण वाट पुसता येते. उजाडेपर्यंत बसवून ठेवीन तुला."

आणि खरंच, कंदिलाच्या उजेडात वाट दिसेना. पुढं नाही, मागं नाही. आता मात्र बाई घाबरली. कड्याची भीती नव्हे, वेळेची. इथंच उजाडलं तर तिकडं बकुळाचं लग्न मोडलं. याच्याशी भांडून उपयोग नाही आणि पळायला वाट नाही.

मग तिनं काय करावं? तिनं मांडी घातली. कंदील बाजूला ठेवला, टोपली उघडली आणि म्हणाली, "ये, हात पुढं कर."

"कशाला?"

"आमच्यात रीत आहे. कासारणीसमोर आलेला हात रिकामा पाठवायचा नाही."

"मला?"

"तुलाच. पण एवढ्या मापाची बांगडी माझ्याकडं नाही. लहान हो. आणखी. आणखी थोडा. हां, बस आता."

तो समोर बसला, बाईमाणसाएवढा होऊन. भीत भीत हात पुढं केला. हौसाबाईनं धरला. विहिरीच्या तळातल्या पाण्यासारखा गार! अंगावर काटा आला, पण सोडला नाही. रोज पन्नास हात धरणारी बाई ती, तोंड सवयीनंच चालू झालं.

"हात सैल सोड. अंग चोरू नको बाई. दुखायचं नाही."

"मी बाई नाही."

"नसशील. हात मात्र पोरीसारखा मऊ आहे. कधी कामाला लावलाच नाहीस वाटतं!"

आणि तो हसला गं! खिंडकर हसला! हिनं बोटं जुळवली, अंगठा आत दाबला आणि पहिली बांगडी सरकवली. तिला वाटलं, धुरातनं पडेल खाली. नाही पडली. राहिली मनगटावर. हौसाबाई पुढं सांगायची, त्याला हिसकावता येत नव्हतं, पण कुणी आपणहून दिलेलं घेता येत होतं आणि स्वतःचं देता येत होतं, म्हणून तर त्याचा हात तिच्या हाती लागला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी काही दिलंच नव्हतं, मग त्याला तरी कसं कळावं?

दोन्ही हात भरले. नवरीचा चुडा बाजूला, याला साध्या हिरव्या. शेवटी रीतीप्रमाणे एकेक जास्तीची, आशीर्वादाची. खिंडकरानं हात हलवला.

छुन्!

तो दचकला. परत हलवला. छुन् छुन्! त्याच्या हालण्याचा आयुष्यातला पहिला आवाज. बघत राहिला हाताकडं. मग उठला, आणि काय सांगू, नाचायलाच लागला! या झाडामागनं छुन्, त्या दगडामागनं छुन्. त्या आनंदात वाट पुसून धरायची राहूनच गेली. हौसाबाईला पायाखाली पांढरी वाट दिसली. तिनं टोपली बांधली, कंदील उचलला आणि जी सुटली!

निम्मी वाट गेली आणि त्याला आठवण झाली. "अगंऽऽ थांब!" ज्ञानूमामाच्या आवाजात डावीकडनं हाक. पण बांगड्या वाजल्या उजवीकडं! बाई सरळ गेली. कोंडाबाईच्या आवाजात पुढनं हाक. छुन् छुन् मागं! बाई पुढंच गेली. त्यानं बांगड्या काढायला बघितल्या, तर निघेनात. मापाच्या बसवलेल्या ना! फोडायला बघितल्या, तर फुटेनात. वाळकं पान न हलवणारा काच काय फोडणार? ओढ्यावरचा साकव ओलांडताना अगदी कानामागं छुन् झालं, तिच्या पदराला गारवा लागला, आणि तिनं शेवटची उडी मारली ती आपल्या गावच्या हद्दीत, जिथं त्याचं काही चालत नाही.

तेव्हापासून खिंडकराची सगळी ताकद आहे तशीच आहे बरं का. रूपं घेतो, आवाज काढतो, वाट पुसतो. फक्त चोरपावलांनी येता येत नाही त्याला. म्हणून सांगते, रात्री त्या वाटेनं जाऊ नका. कड्याला तुमची दया येणार नाही. आणि गेलातच, आणि करवंदीच्या जाळीत बांगड्या वाजल्या, तर पळू नका, हातातलं टाकू नका. उभं राहून मोठ्यानं म्हणा, बांगड्या छान दिसतात हो खिंडकर! लाजतो तो. तेवढ्यात निघून या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य वर यायच्या आत बकुळाच्या हातात चुडा भरला, वेळेवर हळद लागली, आणि मग दोन माणसं मारुतीच्या देवळात जाऊन ज्ञानूमामाला घेऊन आली. तो अजून हाका मारत होता.