संडासाच्या पाइपाचं म्यान

तिबोर : शी! चुलीत घाल ते, जावईबापू. चुलीत घाल आणि राख गटारात टाक.

जुनरेल : चुलीतच धरलंय, तातय. निखाऱ्यावर प्लास्टिक मऊ झालं की म्यानाचा गळा आवळतो. पाच मिनिटं द्या.

तिबोर : वास बघ कसला सुटलाय! माझ्या बापाच्या कोयतीचं म्यान फणसाच्या लाकडाचं होतं. ते वाळवीनं खाल्लं आणि माझ्या कमरेला हे आलं. संडासाचा पाइप! तोही नारिंगी, म्हणजे आंधळ्यालाही कळावं. गुत्त्यावर विचारतात, ‘तिबोर, आज माडी कुठून भरलीस?’

जुनरेल : कोरा तुकडा होता हो. शेजाऱ्यांच्या बांधकामातून उरलेला. त्यातून अजून पाणीसुद्धा गेलं नव्हतं.

तिबोर : लोकांना काय सांगू? त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता म्हणून?

मेलीता : वासाचं नंतर बोला, तातय. सकाळी तुम्ही वर माडावर होतात आणि कोयती खाली आली. वीतभर इकडे पडली असती तर माझ्या टाळक्यात होती. रसाचं बांबूचं नळकांडं हातात धरून बुंध्याशी उभी होते मी. हे म्यान नीट झाल्याशिवाय संध्याकाळी कुणी चढायचं नाही.

तिबोर : चढायचं नाही? माडाच्या फुलोऱ्याची पोय एक वेळ तासली नाही तर रस आटतो, पोरी. चौदा माड आहेत. तुझ्या नवऱ्याला विचार, म्यान सैल त्यानं केलं.

जुनरेल : कुणाच्या सांगण्यावरून? रविवारी तुम्ही म्हणालात घट्ट आहे, तापवून सैल केलं. मंगळवारी परत घट्ट. गुरुवारी परत!

तिबोर : होतंच घट्ट! एका हातानं माडाला मिठी, दुसऱ्यानं कोयती ओढायची. दातओठ खाऊन ओढतोय मी. स्वतःला पाइप वाकवता येत नाही आणि म्हाताऱ्याला दोष. नाचता येईना अंगण वाकडं!

जुनरेल : बरं, बरं. मऊ झालं. मेलीता, ओलं फडकं दे, पात्याला गुंडाळतो. आता वरखाली फळ्या. सरका तातय, बसू द्या मला फळीवर. पकड फक्त मुठीखाली, मानेपाशी. धारेला कुठे चिकटायला नको... ओत पाणी. थंड होऊ दे.

मेलीता : आता फडकं काढ आणि कोयती घालून बघ.

(जुनरेल म्यान उलटं धरून गदागदा हलवतो. कोयती जागची हलत नाही.)

जुनरेल : बघितलंत? आणि अंगठ्यानं जरा रेटली की, टक्! बाहेर. तू बघ, मेलीता.

मेलीता : अगं बाई, एका अंगठ्यानं निघते की! तातय, तुम्ही काढा.

तिबोर : मी त्या घाणीला हात लावणार नाही.

मेलीता : काढा म्हणते ना.

तिबोर : आण इकडे... ही बघ. अडकली! सांगत होतो ना, घट्ट आहे!

मेलीता : डाव्या हातानं काढा.

तिबोर : डावा कशाला?

मेलीता : काढा तर... निघाली. आता उजवा हात द्या इकडे. डोळे मिटा. अंगठ्याला चिमटा काढते, कळला की सांगा.

तिबोर : काढ ना मग. वाट कसली बघतेस?

मेलीता : काढलाय, तातय.

जुनरेल : तातय... सकाळी कोयती म्यानातून पडली की हातातून?

तिबोर : हातातून. थू! किळस येते या हाताची. महिनाभर त्या पाइपाला शिव्या घालतोय, आणि पोरीचं डोकं फोडलं असतं ते यानं.

जुनरेल : संध्याकाळी मी चढतो.

तिबोर : तू? पोय तासलीयस कधी?

जुनरेल : चढायला तुम्हीच शिकवलंत. तासायला मात्र कधी दिलं नाहीत.

तिबोर : कागदासारखी पातळ चकती निघाली पाहिजे. जाड काढलीस तर झाड रडतं दोन दिवस आणि मग गप्प होतं. म्यान पाठीशी बांध. मूठ उजवीकडे. तसं नाही गाढवा, इकडे ये, मी बांधतो.

मेलीता : मी नळकांडी धुऊन आणते.

तिबोर : धुऊन इथे ठेव आणि घरात जा. आज माडाखाली मी उभा राहतो.