पिठाच्या खळीनं चिकटवलेली गाय

चित्रं बघून इंग्रजी कळतं का, म्हणून काय विचारताय अण्णा! निपाणीला आमचे मास्तर इंग्रजीत एकेका जनावराचं नाव घ्यायचे आणि आम्ही भिंतीवरच्या त्याच्या चित्राकडं बोट करायचो. एकदा गोरा साहेब तपासणीला आलता. त्याला पटलं न्हाय तर इंग्रजीचा वर्गच बंद! मास्तरांनी गाईचं नवं चित्र पिठाच्या खळीनं चिकटवलं होतं. साहेबाला हार घालेस्तवर दारातनं एक शेळी शिरली आणि आमच्यादेखत कागदासकट गाय गट्ट केली. मास्तर घामाघूम! साहेबानं विचारलं, “व्हेअर इज द काऊ?”

सगळ्या वर्गाची बोटं शेळीच्या पोटाकडं!

साहेब हसून हसून बेजार झाला. वर्ग वाचला. सांजच्याला मास्तरांनी स्वतः त्या शेळीला पाला आणून घातला.