तीन आणि चार एकत्र

जरा जवळ सरका, दातांच्या दवाखान्यात कानावर पडलेली एक गोष्ट सांगतो. शेजारी एक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे त्यांचे दीर.

"वहिनी, बायबलची फाइल संगणकाच्या तपासणीतून परत आली. चौथं वचन सापडत नाही म्हणे."

"तिसऱ्यातच आहे की. तुमच्या दादांनी भाषांतरात दोन्ही वचनांचं एकच वाक्य केलंय."

"मग स्वल्पविरामापुढे चारचा आकडा टाका आणि मोकळ्या व्हा."

"क्रियापद चौथ्यात जाईल. तिसरं नुसतं लोंबकळत राहील."

"लोंबकळू दे. उद्या फाइल गेली नाही, तर मोबाइलवरच्या बायबल ॲपमध्ये हा अध्यायच येणार नाही."

"भाऊजी, शेवटच्या आजारपणात त्यांना दम लागायचा, तरी हे वाक्य ते एका श्वासात गाऊन बघायचे. ठेका तुम्हीच धरायचात."

"तेव्हा ठेका धरला, आता नियम धरतोय."

"दोन वचनं जोडायची खूण नियमातच दिलीय. तिरकी रेघ, व्ही, मग तीन, आडवी रेघ, चार. मी तसंच टाकलंय."

"आपल्या तपासणीच्या प्रोग्रॅमला ती खूण कळत नाही."

"मग त्याला शिकवा. माणूस गेला, त्याचं वाक्य मी तोडणार नाही."

"...असं आणखी कुठे आहे?"

"सात ठिकाणी."

"दादा पण ना. आणा तो लॅपटॉप इकडे, आधी तो प्रोग्रॅमच दुरुस्त करतो."

देवाचं वचन गाताना कधी दोन आकडे एकत्र दिसले, तर मधे थांबू नका. एका श्वासात म्हणा, आणि त्या दादांची आठवण ठेवा.