तीन मतांचा वॉर्ड

आमचा खाडीकडचा वॉर्ड कसा बुडाला, ते तुमच्यापाशीच ठेवणार असाल तर सांगते. ठाण्याच्या त्या टोकाला बहुतेक मिठागरावर राबणारे, घरपट्टी भरत नसल्यानं त्यांना मत नव्हतं. मतदार तीनच, आणि तिघेही आमच्याच घरातले: मामंजी, त्यांचे धाकटे भाऊ आणि इकडची स्वारी. आजवर म्युनिसिपालटीत मामंजीच मेंबर. यंदा चुलत सासरेही उभे राहिले. दोघांची मतं ज्याची त्यालाच जाणार. उरलं इकडचं, आणि तेही मामलेदारांसमोर तोंडाने सांगायचं.

जेवताना मामंजी म्हणाले, "बाप की काका, तूच ठरव."

काका म्हणाले, "खाडीत पोहायला कुणी शिकवलं, तेवढं आठव."

स्वारी अर्ध्या ताटावरून उठली. विडा देताना मी हळूच म्हटलं, "वॉर्डच नसला तर?"

मतदानाला मामलेदारांनी विचारलं, "बोला, कुणाला?"

"रावसाहेब, तीन मतांना वॉर्ड कशाला? शेजारच्याला जोडून टाका."

मामलेदारांनी तसं वर लिहिलं आणि वॉर्ड गेला. आता दोघे भाऊ इकडच्या स्वारीशी बोलत नाहीत. माझ्याशी मात्र बोलतात. "सूनबाई, ही बुद्धी त्याला दिली कुणी?" असं दोघेही मलाच विचारतात.