प्लगइनवाला जावई

पनवेल स्टँडवर नेऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या सुरैय्याचे कान मागच्या बाकावर होते. तिथं एक काका, बायकोला शेजारी बसवून, होणाऱ्या जावयाची उलटतपासणी घेत होते.

"प्लगइन बनवता म्हंजे काय करता?"

"मामा, दुसऱ्याचं अ‍ॅप असतं. त्याला जे जमत नाही, ते माझं प्लगइन त्याच्यात बसून करतं."

"तुमचा सोताचा अ‍ॅप नाय?"

"नाही."

"आन त्यानं अ‍ॅप बदलला तर?"

"आपण जुळवून घ्यायचं."

"नाय घेतला तर?"

"काढून टाकतात."

"म्हंजे घरजावईच की! आमाला नाय चालनार."

गाडी लागली. सुरैय्या जागची हलली नाही. मागं आता काकांची बायको बोलत होती:

"अवो, माज्या बापाच्या घरात तुमी कदी जुळवून घेतलाव? तरी आमी काढला का?"