झोपायच्या खोलीतला कापूस

भाव कधी वाढंल हे मला नका विचारू, आमच्या कापसाचं ऐका. वेचणी होऊन दोन महिने झाल्ते, अन् कापूस झोपायच्या खोलीत छताला टेकल्ता. आमच्या ह्यांचं रोज एकच, "थांब, भाव वाढणार हाये." मोबाईलमधे कुणीतरी तसं सांगायचा.

साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. एक दिवस माझ्या दोन वर्षांच्या पोरीनं खाजवून खाजवून अंग लाल केलं. हे बदनापूरला गेल्ते. मी गल्लीतून चाललेला व्यापाऱ्याचा टेम्पो थांबवला. तरी विचारलं, "भाऊ, पुढं भाव वाढंल का?"

"ताई, ते कळलं असतं तर मी असा दारोदार फिरलो असतो का? आजचा भाव सांगतो, पटला तर द्या."

देऊन टाकला. हे आले अन् रिकामी खोली पाहून खालीच बसले. "अजून आठ दिवस दम निघाला न्हाई तुला?"

"मला निघाला असता, पोरीला कसा निघंल?"

आठवड्यानं भाव खरंच वाढला. ह्यांनी मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला, "बघ! काय म्हणलं होतं मी?"

मी म्हणलं, "बराबर हाये तुमचं. पण हळू बोला, पोरगी आत्ताच झोपलीय."